पाईपमधली तांब्याची नळी

आमच्या वाशीमकडच्या मालेगावात, वाशीम रोडवर, माझं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. लोक त्याला भंगाराचं दुकान म्हणतात आणि मी दर वेळी त्यांच्यावर खेकसतो. भंगार वजनावर जातं, माझा माल नगावर जातो. एवढा फरक कमवायला माझं अर्धं आयुष्य हातगाडीमागे गेलं, त्यामुळे कोणी तो विसरला की माझं डोकं फिरतं. कंदील, पितळी कुलपं, किल्लीची घड्याळं, पानाचे डबे असं सगळं माझ्याकडे येतं. वर्षाकाठी एखादा तंबाखूचा पाईपही येतो.

आमच्या जिल्ह्यात पाईप ओढणारे होते तरी किती? एखादा वकील, एखादा डॉक्टर, जिनिंगचा मॅनेजर, रेल्वेचा साहेब. ते गेले, त्यांची मुलं पुण्या-नागपूरकडे गेली. घर रिकामं करताना टेबलाच्या खणात पाईप सापडतो, तो काय करायचा ते कोणाला कळत नाही, मग माझी आठवण होते.

पाईप हातात आला की गिऱ्हाईक त्याचं लाकूड पाहतं. मी तोंडात धरायची नळी हळूच फिरवून दांड्यातून उपसतो आणि आत पाहतो. जुन्या पाईपांच्या आत पुष्कळदा धातूचा एक लहानसा तुकडा बसवलेला असतो. धुरातला ओलावा आणि काळा चिकटा जिभेपर्यंत पोचू नये, म्हणून. ओढणाऱ्यांना तो साफ करायचा कंटाळा यायचा आणि कित्येकांनी तो काढून फेकून दिला. म्हणून ज्याच्यात तो शाबूत आहे त्या पाईपाचा भाव वेगळा.

ते तुकडे ओळखायला मला कोणी शिकवलं नाही. नागपूरचा एक शौकीन मोबाईलवर फोटो पाठवायचा, ते आणि हातात येणारा माल ताडून पाहत मी शिकलो. एका जातीच्या टोकाला गोळी असते, गोळीखाली बारीक चीर, आणि तो तुकडा आट्यांवर फिरवून बसवलेला असतो. एक जात म्हणजे ॲल्युमिनियमची सरळ नळी, तंबाखूच्या भांड्याच्या तळापर्यंत पोचणारी. एकीत गिरमिटासारखी पिळलेली पट्टी असते. काही पाईपांत आतली पोकळी मोठी असते, तिच्यात जाड नळी किंवा कागदाचा फिल्टर बसतो. चुंबक लावून पाहायचं, नखाने मुलामा खरवडायचा, आटे यंत्राचे की हाताचे ते भिंगातून पाहायचं. पण सगळ्यात मोठी खूण चिकट्याची. लाकडात जितका जुना चिकटा, तितकाच धातूवर असला पाहिजे. लाकूड काळं आणि धातू स्वच्छ दिसला, तर समजावं की कोणीतरी असली तुकडा काढून मागाहून दुसराच घातला आहे. या खुणेवर मी भल्याभल्यांना दुकानात उभं करून गप्प केलं आहे.

एकच पाईप मला कधी उपसून पाहता आला नव्हता. माझ्या बाचा.

बा जऊळक्याच्या रेल्वे स्टेशनवर खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारा मजूर होता. बदली होऊन गेलेल्या एका साहेबाने जाताना आपला जुना पाईप त्याला देऊन टाकला. सुरुवातीला म्हणे बा त्यात बिड्यांची तंबाखू कुस्करून भरायचा. मला आठवतो तो बा मात्र रिकामा पाईप तोंडात धरून फिरणारा. अंगात रेल्वेचा निळा सदरा, पायात झिजलेली चप्पल आणि ओठांत साहेबाचा पाईप. त्याला धूर नाही, वास नाही. स्टेशनात हसायचे, गावात हसायचे. पारावर कोणीतरी हटकून म्हणायचंच, "इंजन आलं रे, पन कोळसा नाई!"

एकदा मी डबा विसरलो तर तो शाळेत आला. वर्गाच्या दारात तसाच उभा, पाईप तोंडात. गुरुजी म्हणाले, "या साहेब, या." सगळा वर्ग फुटला. मी बाकाखाली वाकून पेन्सिल शोधत राहिलो, पेन्सिल हातातच होती. अजूनही दुकानात कोणी पाईप काढला की आधी माझे कान गरम होतात, भाव नंतर सुचतो.

बा गेला तेव्हा मी हातगाडी ढकलत होतो. शेवटच्या दिवसांत त्याने उशाखालचा पाईप काढून माझ्या मोठ्या बहिणीच्या, ताईच्या हातात दिला. खोलीत नातेवाईक बसले होते. माझ्याकडे बोट करून बा म्हणाला, "याच्यापाशी देऊ नको. हा इकून टाकीन."

हे वाक्य मी आजवर बाळगून आहे. सगळ्यांसमोर बोलला. मी दुकान टाकलं, घर बांधलं, तरी कोणी माझी तारीफ केली की मला ते वाक्य ऐकू यायचं. ताईकडे मी तो पाईप कितीदा मागितला. बदल्यात मिक्सर देतो म्हणालो, शिसवीचा पलंग देतो म्हणालो. ती एकच बोलायची, "बानं नाई म्हटलं." मग मी ताटावरून उठायचो आणि महिना-महिना तिला फोन करायचो नाही.

मागच्या हिवाळ्यात तिचाच फोन आला. आमच्या गावच्या विहारात नवं सभागृह झालं होतं आणि तिथे काचेचं एक कपाट ठेवलं होतं. गावातल्या जुन्या माणसांची एकेक वस्तू त्यात ठेवायची असं ठरलं होतं. कोणाच्या आजोबाचा डफ, कोणाच्या आजीचा चष्मा. ताईला बाचा पाईप तिथे ठेवायचा होता. धम्मदीक्षेनंतर गावात घरोघर जाऊन देव्हारे रिकामे करायला लावणाऱ्यांत आमचा बा पुढे होता. देव, टाक, गंडे, ताईत, सगळं त्याने लोकांना सोडायला लावलं. असा माणूस त्या कपाटात नाही, हे तिला सहन होत नव्हतं. पण समितीचं म्हणणं, पाईप ही व्यसनाची वस्तू, विहारात कशी ठेवायची?

"तू चाल माह्यासंगं," ताई म्हणाली. "तुले बोलता येते. अन् जुन्या वस्तूतलं तुले समजते, हे लोकायले मालूम हाये."

मला आतून गुदगुल्या झाल्या. बाच्या पाईपासाठी शेवटी माझ्याच दाराशी यावं लागलं तर. मी आढेवेढे घेतले, तिला दोनदा विनवायला लावलं आणि मग हो म्हणालो.

रविवारी सकाळी वाशीमला तिच्या घरी गेलो. भाऊजी ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. ते एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, कोणाच्या अध्यात ना मध्यात. ताईने पेटीतून फडक्यात गुंडाळलेला पाईप आणून माझ्यापुढे ठेवला आणि ती पोळ्या करायला आत गेली.

मी तोंडाची नळी फिरवली. जाम बसली होती. जरा कढत पाण्याचं फडकं लावलं तेव्हा सुटली. दांड्याची पोकळी मोठी, म्हणजे मुळात फिल्टरचा पाईप. आतलं लाकूड जुन्या चिकट्याने काळं कुळकुळीत. आणि त्यात तांब्याची एक नळी. कानशीने घासून मापात आणलेली, दोन्ही तोंडं हाताने कापलेली, अंगावर डागाच्या, म्हणजे कधीतरी काही झाळून जोडल्याच्या, दोन बारीक खुणा. तांबं तपकिरी पडलेलं, पण चिकट्याचा ठिपकासुद्धा नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. असली तुकडा काढला होता, त्या जागी कचरा घातला होता. माझ्यापासून जपलेला पाईप या घरातच लुटला गेला होता.

"भाऊजी, याच्यातला असली माल कुठी हाये?"

"कोनता माल?"

"मले नका शिकवू. असली तुकडा कोणाले देला?"

भाऊजींनी शेंग हातात तशीच धरली. "बाबू, मी त्याले हात बी नाई लावला. तुह्या बहिनीच्या पेटीत राह्यते ते."

"मंग तांबं कुठून आलं? तिकिटाच्या पेटीतून? जिंदगीभर लोकायले सुट्टे नाई म्हणून फसवलं, आता सासऱ्याच्या पाईपावर हात मारला!"

शेजारच्या ओट्यावरची बाई भांडी घासायची थांबली. भाऊजींनी सोललेले दाणे ताटलीत एकेक करून नीट ठेवले. त्यांचा चेहरा मला त्या वेळी चोराचा वाटला. आता आठवला की नकोसं होतं.

ताई आतून आली, हात पिठाचे. "काहून बोंबलून राह्यला?"

मी नळी तिच्यापुढे धरली आणि लाकडाचा चिकटा, धातूचा स्वच्छपणा, कानशीच्या रेघा, सगळं दुकानात सांगतो तसं सांगितलं. हा तुकडा पाईपातला नाहीच म्हणालो.

"नाईच," ताई म्हणाली. "तुह्या गळ्यातला हाये तो."

ती उंबऱ्यावर बसली आणि हळू आवाजात, शेजारणीला ऐकू जाऊ नये अशा बेताने तिने सांगितलं.

मी दीड-दोन वर्षांचा असताना मला झटके यायचे. डॉक्टर झाले, काही उतार पडेना. मग मायच्या मायने, म्हणजे आमच्या आजीने, बाला न विचारता मला एका दर्ग्यावर नेलं आणि तांब्याचा ताईत बांधून आणला. नळीचा ताईत, आत कागद, दोरा ओवायला दोन कड्या. माय तो सदऱ्याच्या आत लपवायची. बा गावभर लोकांच्या गळ्यातले ताईत उतरवत होता आणि त्याच्याच पोराच्या गळ्यात एक होता.

"मंग एक दिवस बानं तुले आंघोळ घातली," ताई म्हणाली. "अन् दिसला. लय भांडन झालं. बा म्हने फेकतो. माय म्हने, फेका, पन पोराले काई झालं तं मी बी विहिरीत जाईन. तवा तुह्ये झटके थांबले होते ना! दोन दिवस चूल नाई पेटली. मंग बानं स्टेशनातून कानस आनली. कड्या कापल्या, कागद मायनं नाल्यात सोडला. अन् नळी घासून घासून बानं पाईपात बसवली. मायले म्हने, फेकला बी नाई अन् पोराच्या गळ्यात बी नाई. माह्या तोंडापाशी हाये, झालं?"

"अन् तंबाखू?"

"मायनं अट घातली. ताईतातून धूर जाऊ द्याचा नाई. तवापासून बानं तंबाखू सोडली. रिकामाच धरे तोंडात. माय जवरोक जिती होती तवरोक रोज पाहे, पाईप हाये का नाई ते."

मी नळी पुन्हा हातात घेतली. डागाच्या त्या दोन खुणा म्हणजे कड्यांच्या जागा. आता इतक्या स्पष्ट दिसत होत्या. घरोघरचे किती ताईत माझ्या हातून तांब्याच्या ढिगात गेले असतील. हातात येताक्षणी मी ताईत ओळखतो. पण हा पाईपात होता, म्हणून मी त्यात पाईपाचीच वस्तू शोधत बसलो.

आणि चिकटा नव्हता कारण धूर नव्हता. ज्या रिकाम्या पाईपाची मला लाज वाटत आली, तो माझ्यासाठीच रिकामा होता.

"मले काहून नाई सांगतलं?" मी विचारलं. तरीही आवाज चढलेलाच.

"कोनाले बी नाई सांगतलं. बानं शपथ घातली होती. लोक काय म्हनतीन? आमचे फेकाले लावले अन् सोताचा तोंडात घेऊन फिरला." मग माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "अन् तुह्यापाशी देला असता तं तू इकलाच असता. पाईप इकला असता अन् हे तांब्यात टाकलं असतं. बाले तेवढंच भेव होतं."

मी पाईप विकलाच असता. ते दिवस मला ठाऊक आहेत. पहिल्या गिऱ्हाइकाला दिला असता, घासाघीस करून. त्याआधी ही नळी उपसून, नकली म्हणून, ढिगात भिरकावली असती. एवढी वर्षं ज्या वाक्याने मी जळत होतो ते फक्त खरं होतं.

भाऊजींनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. मी प्यालो. त्यांची माफी मागायला हवी होती. त्याऐवजी मी म्हणालो, "चाला, उशीर होऊन राह्यला." आम्ही तिघं ऑटोत बसताना ताईने माझा दंड धरला. "काई बी सांग तिथी. पन बाचं नाव खाली जाऊ देऊ नको."

विहारात समितीची चार-पाच माणसं बसली होती. सचिव तरुण, शिक्षक, शिस्तीचा. त्याच्या शेजारी काठी टेकून बसलेले एक म्हातारे काका, बाच्या बरोबरीने तेव्हा घरोघर फिरलेले. सचिव म्हणाला, "काका, तुमच्या वडिलांबद्दल आदरच हाये. पन लहान लेकरं येतात इथी. तंबाखूची वस्तू काहून दाखवाची त्यायले?"

"धूर पाह्यला का कोणी?" मी म्हणालो. "गाव सारं हसे, इंजन आलं पन कोळसा नाई. तुह्याच आजोबानं काढलं होतं ना ते? विचार या काकायले."

म्हातारे काका हसले. बाकीचेही हसले. "खरं हाये," काका म्हणाले. "त्याच्या पाईपातून धूर निंगतांना मी तं नाई पाह्यला." एवढ्यानेच माझं निम्मं काम झालं. तंबाखू सोडलेल्या माणसाचा पाईप म्हणजे व्यसन सोडल्याची खूण, असं मी लावून धरलं आणि सचिवाला ते पटलं. मी जिंकलो असं वाटत होतं. पण तोंडाची नळी सकाळी मीच ढिली करून ठेवली होती. सचिवाने पाईप सहज उचलला आणि ती निखळून त्याच्या हातात आली. आतून तांबं घरंगळलं.

"अन् हे काय हाये?"

ताईने पदराचं टोक मुठीत धरलं. भाऊजी जमिनीकडे पाहत होते.

"फिल्टर," मी म्हणालो. "परदेशी पाईपात राह्यते. धुराचा कडूपना अडवते. हा हातानं बनवलेला हाये, असा आता भेटत नाई." दुकानात बोलतो त्याच सुरात बोललो, जरासुद्धा न अडखळता. ज्या गोष्टीत माझं सगळं नाव, त्याच गोष्टीत मी माझ्या बाच्या विहारात खोटं सांगत होतो आणि ते किती सफाईने येत होतं. मला माझ्याच आवाजाची किळस आली.

म्हाताऱ्या काकांनी हात पुढे केला. सचिवाने नळी त्यांना दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, अंगठा हळूहळू फिरवला आणि त्या दोन खुणांवर तो थांबला.

"आमच्या घरी बी होता असा फिल्टर," काका म्हणाले. "माह्या लहान्या भावासाठी आनला होता. तुह्या बानं सांगतलं, अन् माह्या मायनं विहिरीत टाकला. लय रडली होती ती."

सभागृहात बाकी कोणाला काही कळलं नाही. सचिव म्हणाला, "विहिरीत? कायले?"

"तू तुह्या कामाचं पाहाय," काका म्हणाले. त्यांचा चेहरा रागाचा होता का दुसऱ्या कशाचा, ते मला ओळखता आलं नाही. मी मान खाली घातली. त्यांच्या मायची क्षमा मागणं बाचं होतं, आता ते माझ्याकडे आलं होतं आणि ते कोणत्या शब्दांत करायचं हे मला माहीत नव्हतं. त्यांनी नळी माझ्या तळहातावर ठेवली.

"बसव आत. घट्ट बसव. आता निंगाले नाई पाहिजे."

मी बसवू लागलो. असल्या नळ्या मी डोळे मिटून बसवतो. त्या दिवशी नळी तोंडाशीच अडखळत होती. शेवटी ताईने पाईप घेतला आणि एका पिळात बसवून दिला. लहानपणी तिने तो बाला कितीदा बसवून दिला असेल, देव जाणे. देवाचं नाव आलं तोंडात, बा असता तर त्यावरूनही रागावला असता.

सचिवाने कार्ड काढलं. "काय लिहू? परदेशी पाईप, दुर्मीळ फिल्टर?"

"काई लिहू नको," म्हातारे काका म्हणाले. "त्याचं नाव लिह्य. बस."

पाईप काचेआड गेला. डफाशेजारी, चष्म्याच्या अलीकडे. ताई तिथे बराच वेळ उभी राहिली. मला उभं राहवेना, मी बाहेर येऊन चपला घातल्या. भाऊजी आधीच बाहेर होते, ऑटोवाल्याशी बोलत. ऑटोवाल्याने परतीचं भाडं सांगितलं, जास्तच सांगितलं. मी घासाघीस न करता आत बसलो.

भाऊजींनी वळून माझ्याकडे पाहिलं. "तब्येत बरी हाये ना बाबू?"

"भाऊजी," मी म्हणालो.

"हं."

ताई पायऱ्या उतरून येत होती. शेजारी सरकून तिला जागा करता करता मी म्हणालो, "सकाळी मी जे बोललो ते..."

"दाने राह्यले घरी," भाऊजी म्हणाले. "जातांनी घेऊन जाजो. तुह्यासाठीच सोलत होतो."